आरआरडीकॅश्ड: साठ फायलींचा डेटा दुसऱ्या मशीनवरून एकाच कमांडमध्ये मागवायचा आहे

रात्रपाळी

पोलिंगच्या (राउटरांचे आकडे ठरावीक वेळाने गोळा करणाऱ्या) मशीनवर आरआरडीटूल १.७ (वेळेनुसारचे आकडे ठरावीक आकाराच्या फायलींत साठवणारं साधन) आहे आणि सोबत आरआरडीकॅश्ड (अपडेट मेमरीत जमवून एकदम फायलींत लिहिणारा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) चालतो. फायली त्याच मशीनच्या डिस्कवर आहेत. पायरी ३०० सेकंदांची, प्रत्येक फाईलमध्ये ‘इन’ आणि ‘आउट’ असे दोन डेटा सोर्स, आणि ५ मिनिटांच्या अ‍ॅव्हरेजचा आरआरए (फाईलमधला एका ठरावीक पायरीच्या आकड्यांचा संग्रह) पूर्ण वर्षभराचा. डीमनचे पर्याय असे: -डब्ल्यू १८०० -झेड ९०० -एफ ३६०० -टी ४, जर्नल (आलेल्या अपडेटची डिस्कवरची नोंद) चालू.

आलेख काढणारं मशीन वेगळं आहे, दोन्हींमध्ये जाऊन-येऊन साधारण १५ मिलिसेकंद लागतात. सध्या एनएफएस (दुसऱ्या मशीनच्या फायली नेटवर्कवरून दाखवणारी सोय) माउंट करून तिकडून फायली वाचतो: आधी सॉकेटवर ‘फ्लश’ (मेमरीतलं बाकी सगळं फाईलमध्ये लिही, ही सूचना) पाठवायचा, मग फाईल उघडायची. आलेखाची शेवटची १५-२० मिनिटं कधी दिसतात, कधी गायब. एनएफएस काढून टाकायचं आहे.

एका फाईलची मालिका डीमनकडून मागवणारी ‘फेच’ कमांड आहे हे माहीत आहे, पण एका डॅशबोर्डला ६० फायली लागतात. म्हणून डीमनमध्ये ‘एमफेच’ नावाची नवी कमांड घालायचा विचार आहे. एका ओळीत फायलींची नावं द्यायची, उत्तरात सगळ्यांच्या मालिका एकदम घ्यायच्या. सी येतं, पण या डीमनचा सोर्स नवीन आहे. हँडलर कुठे जोडायचा, लॉकिंगचं काय, आणि उत्तराचा साचा कसा ठेवावा?

दुसरी शंका: ताजे आकडे डीमनच्या मेमरीत असतातच, मग डिस्कवर न लिहिता थेट तिथूनच का देता येऊ नयेत?

---

मेकफाइल

एनएफएस काढताय ते उत्तमच. आरआरडी फाईलचा आकार ती तयार होते तेव्हाच ठरतो आणि पुढच्या अपडेटने बदलत नाही. त्यामुळे फाईल बदलली हे क्लायंटला फक्त बदलाच्या वेळेवरून कळू शकतं, आणि एनएफएसचा क्लायंट फाईलचे अ‍ॅट्रिब्यूट डिफॉल्टने ३ ते ६० सेकंद कॅशमध्ये धरून ठेवतो. फ्लश करून लगेच वाचणाऱ्याला ही पद्धत सोयीची नाही.

आता सोर्स. सगळा मामला आरआरडी_डीमन.सी या एकाच फाईलमध्ये आहे. ‘लिस्ट_ऑफ_कमांड्स’ नावाचं टेबल शोधा. प्रत्येक ओळीत पाच गोष्टी: कमांडचं नाव, हँडलर फंक्शन, संदर्भ, वाक्यरचनेची एक ओळ आणि ‘हेल्प’मध्ये दिसणारा मजकूर. हँडलर लिहून या टेबलात एक ओळ वाढवली की कमांड ओळखली जाते. इतकं सोपं दिसतं म्हणूनच लोक पुढच्या गोष्टींवर अडखळतात.

संदर्भ, म्हणजे कमांड कुठून चालवता येते ते, तीन असतात: क्लायंट, बॅच (अनेक कमांड एका गठ्ठ्यात) आणि जर्नल. डेटा परत देणाऱ्या कमांडला फक्त क्लायंटचा संदर्भ द्या. बॅच चालू असताना यशस्वी कमांडचं उत्तर पाठवलंच जात नाही, फक्त चुका साठवून शेवटी दिल्या जातात. म्हणजे बॅचमध्ये ‘फेच’ला परवानगी दिली तर डीमन फ्लश करणार, फाईल वाचणार, मेमरीत उत्तर तयार करणार आणि ते टाकून देणार. जर्नलचा संदर्भ तर अजिबात नको. जर्नलमध्ये फक्त लिहिण्याशी संबंधित ओळी जातात आणि सुरू होताना त्या पुन्हा चालवल्या जातात.

टेबलात नवी ओळ घालताना ती शेवटी घाला. -पी पर्यायाने (कोणत्या कमांड चालू द्यायच्या ते सांगणाऱ्या) दिलेली परवानगी ३२ बिटांच्या एका आकड्यात साठवली जाते आणि कमांडचा टेबलातला क्रमांक हाच तिचा बिट. ३२ च्या पुढे गेलात तर असर्ट लागतो. सध्या जागा आहे, पण स्वतःच्या पाच-सात कमांड घालायचा बेत असेल तर मोजून घ्या.

हँडलरच्या आतला क्रम ‘हँडल_रिक्वेस्ट_फेच’ वाचून तसाच उचला:

बफरमधून एकेक शब्द ‘बफर_गेट_फील्ड’ने काढा. स्वतः मोकळ्या जागेवर तोडू नका, कारण फाईलच्या नावात मोकळी जागा असेल तर ती बॅकस्लॅश लावून आलेली असते आणि ते सोडवायचं काम हेच फंक्शन करतं. मग ‘गेट_अ‍ॅब्स_पाथ’ने पूर्ण पाथ बनवा. त्यानंतर ‘चेक_फाईल_अ‍ॅक्सेस’ लावा, कमांड फक्त वाचायची असली तरी. मग ‘फ्लश_फाईल’. याचं उत्तर शून्य किंवा ‘ईएनओईएनटी’ आलं तर पुढे जा. इथे ‘ईएनओईएनटी’चा अर्थ ‘या फाईलची नोंद कॅशमध्ये नाही’ एवढाच आहे, फाईल डिस्कवर नाही असा नाही. नवे लोक इथेच एरर परत करतात आणि मग डीमन नुकताच सुरू झालेला असताना प्रत्येक फेच फसतो.

वाचायला ‘आरआरडी_फेच_आर’ वापरा, शेवटच्या ‘_आर’सकट. त्याशिवायचं फंक्शन कमांड लाइनचे पर्याय सोडवतं आणि ते थ्रेडमधून चालवायच्या लायकीचं नाही. डीमन प्रत्येक कनेक्शनला वेगळा थ्रेड देतो हे लक्षात ठेवा.

काम झाल्यावर डेटाचा अ‍ॅरे, डेटा सोर्सचं प्रत्येक नाव आणि नावांचा अ‍ॅरे, तिन्ही ‘आरआरडी_फ्रीमेम’ने सोडा. एररच्या प्रत्येक वाटेवरसुद्धा. डीमन महिनोन्‌महिने चालतो, दर फेचला काही किलोबाइट गळले तरी काही दिवसांत कर्नल त्याला मारतो आणि दोष भलत्याकडेच जातो.

उत्तराचा साचा. पहिल्या ओळीत आकडा आणि संदेश. आकडा ऋण म्हणजे चूक, शून्य किंवा धन म्हणजे पुढे तितक्या ओळी येणार. डिफॉल्ट पोर्ट ४२२१७. एनसीने (सॉकेटशी हाताने बोलायच्या साधनाने) जोडून हाताने मागवलं तर असं दिसतं:

फेच राउटर/पोर्ट१.आरआरडी अ‍ॅव्हरेज -९००
१० सक्सेस
फ्लशव्हर्जन: १
स्टार्ट: १६९९९९९२००
एंड: १७००००० ४००
स्टेप: ३००
डीएसकाउंट: २
डीएसनेम: इन आउट
१६९९९९९५००: १.८२१४४०००००ई+०६ ४.११०२००००००ई+०५
१६९९९९९८००: १.७९००३०००००ई+०६ ३.९८७१००००००ई+०५
१७०००००१००: १.८०५५१०००००ई+०६ ४.०२३३००००००ई+०५
१७००००० ४००: नॅन नॅन

(‘एंड’मध्ये आणि शेवटच्या ओळीत फोरमने आकडा तोडलाय, तो सलग वाचा. पहिल्या ओळीचं नाव ‘फ्लशव्हर्जन’ का, असं विचारू नका. नाव तसंच आहे आणि आता क्लायंट त्याच नावावर अवलंबून आहेत.)

ही कमांड १७०००००१३० या सेकंदाला दिली असं धरा. सुरुवात पायरीच्या पटीवर मागे सरकते, शेवट पुढच्या पटीवर जातो. म्हणून १५ मिनिटं मागितली तरी चार ओळी आल्या, आणि चौथी ओळ भविष्यातली आहे, ती ‘नॅन’ (आकडा उपलब्ध नाही) असणारच. शेवट आधीच पटीवर असेल तरीही तो एक पायरी पुढे जातो. ओळीवरची वेळ ही त्या ५ मिनिटांच्या अंताची वेळ, म्हणून पहिली ओळ ‘स्टार्ट’ची नसून ‘स्टार्ट’ अधिक एक पायरी. स्वतःचा पार्सर लिहिणाऱ्यांपैकी निम्मे इथे एक पायरी चुकतात आणि दोन आलेख एकमेकांवर ठेवेपर्यंत ते कळत नाही.

---

सॉकेटवाला

वरचं सगळं बरोबर आहे, पण माझं मत स्पष्ट आहे: ‘एमफेच’ लिहू नका. गरज नाही, आणि लिहिलीत तर आहे त्यापेक्षा वाईट वागेल.

तुमची खरी अडचण ६० वेळा जाण्या-येण्याची आहे. ६० गुणिले १५ मिलिसेकंद म्हणजे ९०० मिलिसेकंद नुसते वाटेत. पण एकामागून एक थांबून विचारता म्हणूनच ते ९०० होतात. डीमन कनेक्शनवरून ओळी वाचतो, एकेक कमांड चालवतो आणि उत्तरं त्याच क्रमाने लिहितो. आधीचं उत्तर वाचायच्या आत पुढची कमांड पाठवायला कसलीच आडकाठी नाही. एकाच कनेक्शनवर साठही ‘फेच’ ओळी ओता, उत्तरं क्रमाने वाचा. प्रत्येक उत्तराच्या पहिल्या ओळीत ओळींची संख्या आहेच, त्यामुळे एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे ठरवायला काही लागत नाही. वाटेतला खर्च साठऐवजी जवळजवळ एका फेरीवर येतो आणि डीमनला हातही लावावा लागत नाही.

एकच खबरदारी. साठही कमांड लिहून झाल्याशिवाय वाचायला सुरुवातच केली नाही आणि उत्तरं मोठी असली, तर डीमनचा सॉकेट बफर भरतो, तो लिहिताना अडकतो आणि तुमच्या पुढच्या कमांड वाचायचं थांबवतो. मग तुमच्या बाजूचा बफर भरतो आणि तुम्हीही लिहिताना अडकता. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात, ‘पहले आप’सारखं. एका दिवसाच्या मालिकांवर हे कधी होत नाही, कुणीतरी वर्षभराचा आलेख उघडला की होऊ शकतं. उपाय: एका वेळी ८ पेक्षा जास्त अनुत्तरित कमांड ठेवू नका, किंवा वाचायला वेगळा थ्रेड ठेवा.

आता ‘एमफेच’ वाईट का. डीमन अख्खं उत्तर मेमरीत जमा करतो, शेवटी ओळी मोजतो, मग पहिला बाइट पाठवतो. संख्या आधी पाठवायची म्हटल्यावर दुसरा मार्गही नाही. तुमच्या फाईलची एक ओळ साधारण ४७ बाइटची: वेळ, आणि दोन आकडे प्रत्येकी १७. वर्षभराच्या १,०५,१२० ओळी म्हणजे एका फाईलला जवळपास ५ एमबी. ६० फायली एकाच उत्तरात, म्हणजे ३०० एमबीच्या आसपास. तेही एका कनेक्शनसाठी. दोघांनी एकदम उघडलं तर? वेगवेगळ्या ६० ‘फेच’मध्ये एका वेळी ५ एमबीच लागतात आणि पाठवून झाले की मोकळे होतात.

शिवाय कमांडच्या लांबीची मर्यादा आहे. आरआरडी_सीएमडी_मॅक्स ४०९६ बाइट, डीमनचा वाचायचा बफर त्याच्या दुप्पट. ६० पाथ प्रत्येकी ६० अक्षरांचे धरले तर ३६०० वर गेलात. उद्या कुणी फोल्डरची नावं लांबवली की संपलं.

आणि एक फाईल नसली तर काय करणार? एररचं उत्तर पाठवलं की तोवर जमा केलेल्या सगळ्या ओळी टाकून दिल्या जातात. म्हणजे एका हटवलेल्या पोर्टपायी ५९ मालिका गेल्या. ते टाळायला प्रत्येक फाईलची वेगळी स्थिती उत्तरात घालावी लागेल, मग त्याचा वेगळा पार्सर. साठ ‘फेच’मध्ये हे फुकट मिळतं: ज्याचं उत्तर ऋण आकड्याने सुरू झालं तो वगळा.

---

रात्रपाळी

ओळीमागून ओळ पाठवता येते हे लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. पण फ्लशचा वेळ? प्रत्येक ‘फेच’ आधी फ्लश करणार आणि एका कनेक्शनवर ते एकामागून एकच होणार ना? आणि मेमरीतून देण्याची शंका अजून बाकीच आहे.

---

मेकफाइल

मेमरीची शंका आधी घेतो, त्यातच फ्लशचं उत्तर आहे.

कॅशमध्ये ‘डेटा’ नसतोच. तिथे प्रत्येक फाईलसमोर अपडेटची कच्ची वाक्यं असतात, जशी आली तशी: वेळ, कोलन, आकडा, कोलन, आकडा. काउंटरवरून दर काढायला आधीचं वाचन लागतं आणि ते फाईलच्या शीर्षभागात आहे. ५ मिनिटांच्या चौकटीत वाचन अर्ध्यावर आलं तर ते वाटून घ्यावं लागतं. हार्टबीट (दोन वाचनांमध्ये चालणारं कमाल अंतर) उलटला तर तो तुकडा अज्ञात धरायचा. आणि आरआरएत बसवताना किती भाग अज्ञात चालेल तेही तपासायचं. हे सगळं ‘अपडेट’च्या कोडमध्ये आहे आणि तो कोड फाईलवर काम करतो. मेमरीतून उत्तर द्यायचं तर हे गणित डीमनमध्ये दुसऱ्यांदा लिहावं लागेल, आणि दोन्हीकडचे आकडे एखाद्या पायरीने जरी वेगळे निघाले तरी आलेखावरचा विश्वास उडाला. म्हणून आधी फ्लश, मग फाईलमधून वाचन. आळस म्हणून केलेली सोय नाही ती.

नुसतं शेवटचं कच्चं वाचन हवं असेल, म्हणजे ‘पोर्टवरून शेवटचा आकडा काय आला’ एवढंच, तर त्यासाठी ‘पेंडिंग’ आहे. ती कमांड न लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी देते, डिस्कला स्पर्श करत नाही. मात्र नुकतंच लिहून झालं असेल तर यादी रिकामी येईल, ते धरून चाला.

‘लास्ट’वर विसंबणार असाल तर जपून. ती फ्लश न करता फाईलवरची शेवटच्या अपडेटची वेळ देते, फ्लश आपण वेगळा मागवायचा असतो. ‘इन्फो’चंही तसंच, तीही स्वतःहून फ्लश करत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, पण वाचतं कोण.

---

सॉकेटवाला

फ्लशच्या वेळेबद्दल: ‘फ्लश_फाईल’ त्या फाईलला लिहिण्याच्या रांगेत सर्वांत पुढे आणून ठेवतं आणि ती लिहून होईपर्यंत थांबतं. थांबतो तो फक्त त्या कनेक्शनचा थ्रेड. म्हणून एकाच कनेक्शनवर साठ ‘फेच’ म्हणजे साठ लेखनं एकामागून एक, आणि बाकीचे तीन लेखन-थ्रेड रिकामे बसलेले. -टी ४ आहे ना, मग चार कनेक्शन उघडा आणि प्रत्येकावर १५ ‘फेच’ टाका. चारही थ्रेड कामाला लागतील. आठ कनेक्शन उघडून दुप्पट वेग येत नाही, लेखन-थ्रेड चारच आहेत.

आधी सगळ्या फायली रांगेत टाकून मग एकेकीची वाट बघणारा हँडलर लिहिता येतो, पण तिथे एक सापळा आहे. लॉक सोडून वाट बघत असताना कॅशमधली ती नोंद काढून टाकली गेलेली असू शकते. म्हणून जागे झाल्यावर जुना पॉइंटर वापरायचा नाही, नावावरून पुन्हा शोधायचं. ‘फ्लश_फाईल’च्या शेवटी हे कॉमेंटमध्येच बजावलेलं आहे.

याहून महत्त्वाचं म्हणजे फ्लश किती वेळा होतोय ते. तुम्ही -डब्ल्यू १८०० दिलंय, म्हणजे दर फाईलची सहा अपडेट एकत्र लिहायची. डॅशबोर्ड दर ६० सेकंदांनी ताजा होत असेल तर त्या ६० फायलींपुरता हा हिशोब मोडला, प्रत्येक अपडेट सुटं लिहिलं जाणार. एकूण फायली काही हजार असतील तर ६० ने फरक पडत नाही. पण सगळ्या पोर्टांचा ‘टॉप २०’ काढणारं पान दर मिनिटाला हजारो ‘फेच’ मारत असेल, तर कॅशिंग डीमन ठेवण्यात अर्थच उरत नाही. पायरी ५ मिनिटांची आहे, त्याहून लवकर ताजं करून नवीन काही दिसणारही नाही. आलेखाच्या बाजूने ३०० सेकंदांचा कॅश ठेवा. ‘स्टॅट्स’ कमांडमध्ये किती फ्लश मागितले गेले आणि किती लेखनं झाली हे दोन्ही आकडे मिळतात. डॅशबोर्ड लावण्याआधी आणि नंतर ते बघा.

वर्षभराचे मोठे आलेख असतील तर ‘फेचबिन’ वापरा. तोच तर्क, फक्त आकडे मजकुराऐवजी बाइटमध्ये येतात. दोन डेटा सोर्स, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ५ एमबीचे १.७ एमबी होतात आणि दोन्ही बाजूंचं आकड्यांचं मजकुरात रूपांतर टळतं. प्रत्येक डेटा सोर्सच्या शीर्षओळीत किती नोंदी, एकेक किती बाइटची आणि बाइटचा क्रम कोणता हे येतं, त्यानंतर कच्चे बाइट. इथे ओळी तोडून वाचणारा पार्सर चालत नाही, कारण डेटातच १० किमतीचा बाइट असू शकतो. शीर्षओळ वाचा, गुणाकार करा, तितके बाइट मोजून उचला.

आणि दोन्हींपैकी एकच डेटा सोर्स हवा असेल तर वेळेनंतर त्याचं नाव द्या, फक्त तेवढाच रकाना येतो. त्यासाठी सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहावे लागतात, मधलं गाळता येत नाही.

---

कुलूपकिल्ली

कुणीच सुरक्षेबद्दल बोललं नाही म्हणून. या प्रोटोकॉलमध्ये ना ओळख पटवणं आहे, ना एनक्रिप्शन. पोर्टपर्यंत जो पोचला तो मालक. सांगितलेल्या फाईलमध्ये डीमन डोळे मिटून लिहितो, आणि कुणी दूरच्या भविष्यातल्या वेळेचं अपडेट पाठवलं तर ती फाईल पुढची खरी अपडेट नाकारत बसते.

म्हणून दोन दारं ठेवा. पोलरसाठी युनिक्स सॉकेट, सगळ्या परवानग्यांसह. आलेखांसाठी नेटवर्कचं, फक्त वाचायच्या कमांडसह. पर्यायांचा क्रम असा:

-एल युनिक्स:/रन/आरआरडीकॅश्ड.सॉक -पी फेच,फेचबिन,फर्स्ट,लास्ट,इन्फो,फ्लश,पेंडिंग -एल १०.०.०.१:४२२१७

-एल म्हणजे डीमन ज्या पत्त्यावर ऐकतो तो, आणि -पी हा त्याच्यानंतर येणाऱ्या -एल पत्त्यांना लागू होतो. उलट लिहिलंत, आधी नेटवर्कचा -एल आणि मग -पी, तर नेटवर्कचं दार सताड उघडं राहतं आणि कसलीही चूक दिसत नाही, सगळं छान चालतं. तपासायचं तर आलेखाच्या मशीनवरून एनसीने जोडून एक ‘अपडेट’ पाठवा, नकार यायला हवा. ‘हेल्प’ आणि ‘क्विट’ यादीत नसले तरी चालतात, ते बघून घाबरू नका. नवी कमांड जोडलीत तर ती यादीतही घाला, नाहीतर हँडलरमध्ये तासभर दोष शोधत बसाल.

-बी मोठ्या लिपीतला आणि लहान लिपीतला, दोन्ही द्या. लहान बी मूळ फोल्डर सांगतो, मोठा बी त्याबाहेर जाऊ देत नाही. ‘../’ असलेले पाथ अडतात, पण सिंबॉलिक लिंक ओळखल्या जात नाहीत. तेव्हा त्या फोल्डरमध्ये बाहेर नेणारी लिंक नको. डीमन वेगळ्या यूझरखाली चालवा, रूटखाली नको. आणि फायरवॉलमध्ये ४२२१७ फक्त आलेखाच्या मशीनच्या पत्त्याला उघडा. मधलं नेटवर्क स्वतःचं नसेल तर व्हीपीएन किंवा एसएसएचच्या बोगद्यातूनच.

---

रात्रपाळी

‘एमफेच’चा नाद सोडला. चार कनेक्शन आणि प्रत्येकावर ८ ची मर्यादा असं लिहिलं, चालतंय. दोन गोष्टी अडल्या आहेत.

एक: आलेखाच्या मशीनवरून ‘आरआरडीटूल फेच’ला --डीमन देऊन चालवलं की ‘रिमोट डीमनशी बोलताना पूर्ण पाथ चालत नाही’ अशा अर्थाची चूक येते. तीच कमांड पोलरच्या मशीनवर चालते.

दोन: माझ्या स्क्रिप्टमधून सुरुवात म्हणून ‘-1d’ (एक दिवस मागे) पाठवलं तर वेळ चुकीची येते.

---

मेकफाइल

पहिलं: युनिक्स सॉकेट असेल तर क्लायंट स्वतःच पाथ पूर्ण करून पाठवतो, दोन्ही एकाच फाईलसिस्टिमवर आहेत म्हणून. नेटवर्कवर तसं गृहीत धरता येत नाही. तिथे पाथ डीमनच्या मूळ फोल्डरपासूनचा द्यायचा, सुरुवातीला तिरकी रेघ न देता: ‘राउटर/पोर्ट१.आरआरडी’. आलेखाच्या कोडमध्ये पूर्ण पाथ जागोजागी कोरलेले असतील तर ते आधी शोधून काढा, एनएफएसवरून येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हेच करावं लागतं. एनव्हायर्नमेंटमध्ये ‘आरआरडीकॅश्ड_अ‍ॅड्रेस’ ठेवलंत तर --डीमन दर वेळी द्यावा लागत नाही, पण मग त्या शेलमधल्या स्थानिक फायलींच्या कमांडही डीमनकडे जातील.

दुसरं: ‘एंड उणे एक दिवस’ छापाच्या वेळा सोडवतो तो आरआरडीटूलचा क्लायंट. डीमनला फक्त आकडा कळतो: धन असेल तर १९७० पासूनचे सेकंद, ऋण असेल तर आत्तापासून मागे तितके सेकंद. आकड्यापुढचं अक्षर त्याच्या कामाचं नाही, त्यामुळे ‘एक दिवस मागे’चा ‘एक सेकंद मागे’ होतो. स्क्रिप्टमध्ये -८६४०० लिहा. काहीच दिलं नाही तर गेले २४ तास धरले जातात, तेव्हा या एका बाबतीत सुरुवात गाळलीत तरी तेच मिळेल.

अजून एक, पुढे अडेल म्हणून आत्ताच. ‘फेच’च्या वाक्यरचनेत रेझोल्यूशनला जागा नाही. सुरुवातीच्या वेळेपर्यंत पोचणाऱ्या आरआरएंपैकी सर्वांत बारीक तो निवडला जातो. तुमच्याकडे ५ मिनिटांचा आरआरए वर्षभराचा आहे, म्हणजे वर्षाच्या आलेखाला रोजची सरासरी पुरेशी असली तरी १,०५,१२० ओळीच येणार. ८०० पिक्सेलच्या आलेखाला.

---

सॉकेटवाला

म्हणजे डीमनमध्ये काही वाढवायचंच असेल तर ते हे आहे. ‘एमफेच’ऐवजी ‘फेच’सारखीच, पण पायरी घेणारी कमांड. ‘आरआरडी_फेच_आर’ला पायरीचा पॉइंटर जातोच, सध्याचा हँडलर तिथे हवी ती पायरी घेऊन देत नाही एवढंच. पार्सिंगमध्ये एक शब्द वाढेल, बाकी हँडलर जसाच्या तसा. अर्थात त्या पायरीचा आरआरए फाईलमध्ये असायला हवा, फेच स्वतः सरासरी काढत नाही, असलेल्यांपैकी जवळचा निवडतो.

नाव मात्र वेगळं ठेवा. जुन्याच ‘फेच’मध्ये पर्याय घुसवलात तर शेवटच्या वेळेनंतरचा शब्द डेटा सोर्सचं नाव आहे की पायरी, हे ठरवता येणार नाही. कुणाच्या फाईलमध्ये ‘३००’ नावाचा डेटा सोर्स असणारच नाही याची खात्री कोण देणार? क्लायंटचं फंक्शन लायब्ररीत घालणार असाल तर हेडरसोबत निर्यात होणाऱ्या नावांच्या यादीतही घाला, लिबआरआरडीच्या ‘.सिम’ फाईलमध्ये. ते राहिलं तर लायब्ररी बिनतक्रार बांधली जाते आणि चूक येते ती तुमचा प्रोग्रॅम लिंक करताना.